कर्ज मंजूर झाले. आता कंपनी चालवायची कशी?

नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा, असे आपल्या जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमात सांगितले जाते. अकोटसारख्या तालुक्याच्या गावात हे ऐकून काही तरुण खरोखर अर्ज करतात. प्रकल्प अहवाल तयार होतो, जातीचा दाखला जोडला जातो, बँकेच्या फेऱ्या होतात आणि सगळे जुळून आले तर कर्जही मिळते. त्यानंतर मात्र भाषण देणाऱ्यांपैकी कोणी सोबत नसते. दोन-तीन वर्षांत यंत्रावर धूळ बसते, जामीनदार मामाच्या घरी नोटीस येते आणि घरातला धाकटा मुलगा म्हणतो, "धंदा हे आपल्या लोकांचं काम नाही."

बचत गट आणि तरुणांसोबत काम करताना मला सगळ्यात जास्त खुपते ते हे वाक्य. कारण एक दुकान बंद पडले तर एक दुकान जाते. हे वाक्य रुजले तर पुढची पिढी प्रयत्नच करत नाही. म्हणून लहान कंपनी सुरू कशी करायची यापेक्षा ती चालवायची कशी आणि तिचा माल विकायचा कसा, याबद्दल जरा सविस्तर बोलू या.

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण

या विषयावर बोलताना दूरच्या उद्योगपतींची नावे घेण्याची गरज नाही. कल्पनाताई सरोज आपल्या अकोला जिल्ह्यातल्या. १९६१ साली मूर्तिजापूर तालुक्यातील रोपरखेडा येथे एका पोलीस हवालदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. बाराव्या वर्षी लग्न, सासरचा छळ, माहेरी परत येणे आणि पुन्हा मुंबई गाठणे हा त्यांचा प्रवास त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि मग त्यांच्या कथेचे चित्रपटासारखे वर्णन होऊ लागले. त्या वर्णनात दुःख भरपूर असते, शेवटी यश असते, पण मधला व्यवहार गळून जातो. आपल्याला शिकायचे आहे ते त्या मधल्या व्यवहारातून.

मुंबईत त्यांनी आधी कपड्यांच्या कारखान्यात काम केले, शिलाई शिकल्या. मग सरकारी योजनेतून ५० हजार रुपयांचे कर्ज घेऊन उल्हासनगर-कल्याण भागात फर्निचरचा व्यवसाय सुरू केला. पुढे कोर्टकज्ज्यात अडकलेली एक जमीन घेऊन ती मोकळी करून घेतली आणि बांधकामात पाय ठेवला. म्हणजे आधी हाताचे कौशल्य, मग लहान दुकान, मग मोठा व्यवहार. प्रत्येक पायरीवर मागच्या पायरीचा पैसा आणि ओळखी कामी आल्या. थेट शेवटच्या पायरीवर उडी त्यांनीही मारलेली नाही.

कमानी ट्यूब्सचा भाग तर व्यवस्थापनाचा धडाच आहे. तांब्याच्या नळ्या बनवणारा कुर्ल्याचा हा कारखाना मालक कुटुंबातील भांडणांमुळे डबघाईला आला होता. १९८८ मध्ये तो कामगारांच्या सहकारी संस्थेकडे सोपवण्याची योजना मंजूर झाली आणि कामगारच मालक झाले. देशभर गाजलेला हा प्रयोग पुढे भांडवल आणि कारभार यांच्या अडचणीत सापडला व कारखाना पुन्हा आजारी झाला. कामगारांनी कल्पनाताईंकडे धाव घेतली. २००६ मध्ये त्या अध्यक्ष झाल्या तेव्हा कंपनीवर ११६ कोटींचे देणे आणि सुमारे १४० दावे होते, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे.

त्यांनी पहिल्यांदा काय केले? नवे यंत्र घेतले नाही की जाहिरात केली नाही. वेगवेगळ्या विषयांतली जाणकार माणसे एकत्र केली आणि देणे नेमके किती, कोणाचे, त्यात मुद्दल किती आणि दंड-व्याज किती याची फोड केली. आकड्याचा मोठा हिस्सा व्याज आणि दंडाचा आहे हे समोर आल्यावर त्या बँकांशी बोलणी करायला गेल्या. दंड-व्याज कमी करून घेतले, कामगारांची थकबाकी फेडली, कारखाना वाड्याला नेला. २०११ मध्ये कंपनी आजारी उद्योगांच्या यादीतून बाहेर आली. धातूशास्त्राची पदवी नसलेल्या बाईने हे केले, कारण त्यांनी आधी हिशेबाचा कागद नीट वाचला आणि ज्यांना कळते त्यांना विचारायला लाज बाळगली नाही.

आपली कंपनी ११६ कोटींची नाही, ५ लाखांची असेल. पण कागद तोच आहे.

खरा खर्च काढा

आपल्या भागातले उदाहरण घेऊ. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी डाळ मिल विदर्भातल्या बऱ्याच गावांत पोहोचली आहे. समजा अकोट तालुक्यातल्या चार जणांनी मिळून अशी मिल टाकली. खालचे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. भाव रोज बदलतात.

तूर ८,००० रुपये क्विंटल दराने १० क्विंटल घेतली, म्हणजे ८०,००० रुपये. तिच्यातून साधारण ७२० किलो डाळ निघाली. आता बहुतेक जण असा हिशेब करतात: ८०,००० भागिले ७२०, म्हणजे १११ रुपये किलो पडली. १२० ने विकली तर किलोमागे ९ रुपये सुटले. एकूण ६,४०० रुपये नफा. सगळे खूश.

आता राहिलेला खर्च मांडू. वाहतूक आणि हमाली २,०००. वीज, तेल, किरकोळ दुरुस्ती ३,०००. पिशव्या आणि छपाई ३,०००. मजुरी ५,०००, यात घरच्या माणसांची मजुरीही धरली आहे. जागेचे भाडे, कर्जाचा हप्ता आणि यंत्राची झीज यांचा वाटा ६,०००. एकूण झाले ९९,०००. चुणी आणि भुसा विकून ५,००० परत आले. राहिले ९४,०००. भागिले ७२०, म्हणजे किलोला जवळपास १३०.५० रुपये. १२० ने विकून नफा झाला नाही, ७,६०० रुपये तोटा झाला. पण हा तोटा दिसला नाही, कारण घरच्यांनी मजुरी घेतली नाही आणि हप्ता दुसऱ्या पैशातून भरला.

अशी कंपनी सहा महिने चालते, मग "काय माहीत कुठं पैसा गेला" असे होते. पैसा कुठेही गेलेला नसतो. तो पहिल्या दिवसापासून कमी भावात वाटला गेलेला असतो.

पुढची पायरी बघा. पाकीट १४५ रुपयांना थेट गिऱ्हाईकाला दिले तर किलोमागे साडेचौदा रुपये सुटतात. तेच पाकीट किराणा दुकानात ठेवले आणि दुकानदाराला १० टक्के दिले, तर आपल्या हाती १३०.५० रुपये येतात. म्हणजे नफा जवळजवळ शून्य. याचा अर्थ दुकानात ठेवूच नये असा नाही. दुकानदाराचा वाटा भावात सुरुवातीपासून धरावा लागतो, किंवा खर्च खाली आणावा लागतो. खर्च खाली कसा येईल? भाडे, हप्ता आणि झीज हा ६,००० रुपयांचा खर्च महिन्याला एकदाच येतो असे समजा. महिन्यात १० क्विंटलऐवजी ३० क्विंटल दळले तर दर १० क्विंटलमागे तो २,०००च पडतो आणि डाळ १२५ रुपये किलोवर येते. म्हणून रिकामे बसलेले यंत्र हा सगळ्यात महागडा नोकर असतो. स्वतःकडे तूर घ्यायला पैसा नसेल, तर शेतकऱ्यांची तूर दळणावळीने करून द्यावी. यंत्र फिरते राहते.

हाच हिशेब शिवणकाम, मंडप, फॅब्रिकेशन, केळीचे चिप्स, मसाले, संगणक दुरुस्ती, कशालाही लागू होतो. कच्चा माल, मजुरी, दर महिन्याचा ठरलेला खर्च आणि मधल्या माणसाचा वाटा. चार रकाने, एक वही.

नफा कागदावर, पैसा हातात

कंपनी बंद पडते ती बहुतेक वेळा नफा नसल्यामुळे नाही, वेळेवर रोकड नसल्यामुळे. आपल्याकडे उधारी हे नाते जपण्याचे साधन आहे. वरच्या उदाहरणात पाकिटामागे साडेचौदा रुपये सुटतात आणि पाकिटाचा खर्च १३०.५० आहे. म्हणजे उधारीचे एक पाकीट बुडाले तर ९ पाकिटांचा नफा त्यात जातो. नात्यातल्या, वस्तीतल्या माणसाला नाही म्हणणे अवघड असते हे मान्य. त्यासाठी नियम आधी लावावा आणि भिंतीवर लिहावा. नियम सगळ्यांना सारखा असला की राग माणसावर निघत नाही.

दुसरी गोष्ट, घराचे आणि धंद्याचे खाते वेगळे. मालकाने स्वतःला महिन्याचा ठरावीक पगार लावून घ्यावा, कमी असला तरी चालेल. गल्ल्यातून घरखर्च निघू लागला की महिनाअखेरीस कंपनी कमावते की घर कंपनीला खाते हे कळेनासे होते. बहिणीचे लग्न, आजारपण, शाळेची फी या गरजा खऱ्या आहेत, पण त्या गल्ल्यातून भागवल्या तर दुसऱ्या वर्षी पगारही राहत नाही.

तिसरी गोष्ट मोठ्या कंपनीला किंवा सरकारी खात्याला माल देणाऱ्यांसाठी. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि ती ऑनलाइन व पूर्णपणे मोफत आहे. तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार अशा नोंदणीकृत उत्पादक किंवा सेवा देणाऱ्या उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण मिळत नाही. कायदा आहे म्हणून उद्याच पैसे येतील असे नाही, पण बिलावर उद्यम क्रमांक आणि देय तारीख छापलेली असली की बोलण्याला वजन येते.

आणि हप्ता चुकण्याची वेळ आली तर? आपल्याकडे लोक बँकेचा रस्ता बदलतात, फोन उचलत नाहीत. हप्ता ९० दिवस थकला की खाते एनपीए होते आणि मग दारे बंद होऊ लागतात. त्याआधी लेखी अर्ज घेऊन जावे. लहान उद्योगांच्या अडचणीतील कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने मार्च २०१६ मध्ये बँकांना पुनर्रचनेची चौकट घालून दिली आहे. त्यात कर्जदार स्वतःही अर्ज करू शकतो. कमानीच्या बाबतीत कल्पनाताईंनी हेच मोठ्या प्रमाणावर केले: तोंड लपवले नाही, आकडे घेऊन समोर बसल्या.

चार मित्र आणि एक कंपनी

आपल्याकडे भागीदारी बहुधा चळवळीतल्या किंवा कॉलेजच्या मैत्रीतून होते. ती चांगली गोष्ट आहे, पण मैत्रीत कामाची वाटणी बोलून दाखवायला संकोच वाटतो. मग चौघेही मालक आणि खरेदीला कोणीच नाही, अशी स्थिती येते. कमानीच्या कामगार-मालकीच्या प्रयोगातूनही हा प्रश्न दिसतो: मालकी सगळ्यांची असू शकते, पण रोजचा निर्णय कोणा एकाच्या नावावर असावाच लागतो.

सुरुवातीलाच एका कागदावर लिहा. कोणी किती पैसे घातले, खरेदी कोण बघणार, विक्री कोण, हिशेब कोण, पगार किती, नफा कसा वाटायचा आणि एखाद्याला बाहेर पडायचे असेल तर त्याचा वाटा कसा काढायचा. नोटरी करून घ्या. महिन्यातून एकदा सर्वांसमोर हिशेब वाचा. बाबासाहेबांनी आपल्याला घटनेचे महत्त्व शिकवले. पाच माणसांच्या कंपनीलाही घटना लागते.

हिशेब ठेवण्याचे काम शक्यतो त्या माणसाला द्या जो पैसे हाताळत नाही. यात अविश्वास नाही. विश्वास टिकावा म्हणूनच ही सोय असते. बचत गटांतल्या महिला हे आपल्यापेक्षा आधीपासून करतात: पैसे एकीकडे, वही दुसरीकडे, वाचन सगळ्यांसमोर.

गिऱ्हाईक कोण?

मार्केटिंग म्हणजे बॅनर आणि स्टेटस, असा समज आहे. उद्घाटनाचे फोटो टाकले की दोनशे जण "हार्दिक शुभेच्छा, जय भीम" लिहितात. त्यांतले किती जण माल घेतात ते मोजून बघा.

इथे समाजशास्त्र थोडे कामी येते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक लेख लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारले की ज्याच्याकडून कामाची माहिती कळली तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटायचा असे सांगणारे १७ टक्क्यांहूनही कमी निघाले. बहुतेकांना काम कळले ते अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून. कारण सोपे आहे. जवळच्या माणसांना तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. दूरची ओळख आपल्याला दुसऱ्या वर्तुळात नेते.

हेच धंद्याला लावून बघा. वस्ती, विहार आणि नातेवाईक यांच्यामुळे पहिले गिऱ्हाईक मिळते, धीर मिळतो. पण वस्तीचा खिसा आपल्या खिशाएवढाच असतो. दिवाळीनंतर कापसाचे पैसे आले की सगळ्यांकडे येतात, जुलैत आटले की सगळ्यांकडे आटतात. फक्त वस्तीवर अवलंबून असलेली कंपनी वस्तीएवढीच मोठी होते. वाढायचे असेल तर अधूनमधून भेटणारी माणसे मोजावी लागतात: शाळेतले जुने शिक्षक, तालुक्यातले डॉक्टर, वसतिगृहातले मित्र जे आज पुण्यात आहेत, बाजार समितीत भेटणारे शेतकरी, बँकेतले कर्मचारी, मेसचालक, अकोल्याचे हॉटेलवाले.

म्हणून एक वही गिऱ्हाईकांची ठेवा. नाव, फोन, काय घेतले, कधी घेतले, परत कधी लागेल. पाच माणसांच्या घराला महिन्याला किती डाळ लागते याचा अंदाज आला की संपण्याच्या दोन दिवस आधी फोन करता येतो. नवे गिऱ्हाईक शोधण्यापेक्षा जुने टिकवणे नेहमी स्वस्त पडते. दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर स्टॉल लावणारे आपले अनेक बांधव दोन दिवसांत जी विक्री करतात ती एरवी दोन महिन्यांत होत नाही. पण त्या गर्दीतल्या किती जणांचा फोन नंबर सोबत घरी येतो? नंबर आला तर ते गिऱ्हाईक. नाही तर ती नुसती गर्दी.

अकोटचा स्वतःचा फायदाही ओळखायला हवा. कापूस, तूर, केळी, संत्री, पानपिंपळी असा माल इथे पिकतो आणि बाहेर जाऊन दुसऱ्याच्या नावाने विकला जातो. नोव्हेंबर २०२२ पासून अकोला-अकोट मार्गावर ब्रॉडगेज गाडी धावते आहे. पुण्या-मुंबईत स्थायिक झालेल्या वऱ्हाडी माणसाला गावची डाळ हवी असते. त्याला ती घरपोच, वजनात चोख आणि खडा नसलेली मिळाली तर तो भावावरून घासाघीस करत नाही. "अकोटची" हा शब्द पाकिटावर लिहिण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, पण तो शब्द खरा ठेवण्यासाठी दर वेळी तोच दर्जा द्यावा लागतो.

पॅकिंगबद्दल एक व्यवहार लक्षात ठेवा. पाकीटबंद, लेबल लावलेल्या डाळीवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागू झाला. माल विकणाऱ्यासाठी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे. ती जवळ येऊ लागली की भाव नव्याने काढावा लागतो. अन्नपदार्थाला एफएसएसएआय नोंदणी लागते. पाकिटावर वजन, तारीख, किंमत आणि पत्ता स्पष्ट हवा.

जात बाजारातही असते

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, हिशेब नीट ठेवला की झाले. तसे नाही. बाबासाहेब अमेरिका आणि इंग्लंडमध्ये अर्थशास्त्र शिकून आले. बडोद्याची नोकरी सुटल्यावर, १९१७-१८ च्या सुमारास त्यांनी मुंबईत शेअरच्या व्यवहारात सल्ला देणारी कंपनी काढली. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि ती बंद करावी लागली. ज्ञानात कमतरता नव्हती, हिशेबात चूक नव्हती. बाजाराने माणूस पाहिला, सल्ला पाहिला नाही.

असीम प्रकाश यांनी दलित उद्योजकांच्या अनुभवांवर केलेल्या अभ्यासाचे "दलित कॅपिटल" हे पुस्तक २०१५ मध्ये आले. बाजारात प्रवेश मिळाला तरी तो पडत्या अटींवर मिळतो, ही त्यातली मांडणी आपल्या ओळखीची आहे: उधार माल मिळत नाही, जागा भाड्याने मिळत नाही, बिल अडवले जाते, खाण्याचा पदार्थ असेल तर नाव विचारले जाते. सांगली जिल्ह्यातल्या पेडच्या अशोक खाडे यांनी माझगाव डॉकमध्ये कामगार म्हणून काम शिकून भावांसोबत उद्योग उभारला. त्याचे नाव "दास" असे ठेवले. दत्ता, अशोक, सुरेश या तीन भावांची आद्याक्षरे. आडनाव मागे राहिले, कामाचा दर्जा पुढे आला.

नाव झाकावे की मिरवावे, हा प्रत्येकाचा निर्णय आहे आणि त्यावरून कोणी कोणाला कमी लेखू नये. माझे म्हणणे इतकेच की धंद्याचे नाव आणि आपले स्वाभिमानाचे प्रतीक या दोन गोष्टींचा वेगळा विचार करता येतो. बुद्धांचे किंवा बाबासाहेबांचे नाव पाटीवर असेल तर तो माल तितकाच शुद्ध असण्याची जबाबदारीही येते.

ज्या गिऱ्हाईकाला बिल, वजन, तपासणी अहवाल आणि वेळ महत्त्वाची असते, तिथे जातीला जागा कमी मिळते. म्हणून किरकोळ गिऱ्हाईकासोबत संस्थात्मक गिऱ्हाईक शोधणे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचे: वसतिगृह, कॅन्टीन, रुग्णालय, शासकीय कार्यालय. केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक कंपन्यांनी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायच्या खरेदीत ४ टक्के वाटा अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ठेवला आहे. एकूण उद्दिष्ट पुढे २५ टक्के झाले आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के आले. प्रत्यक्षात आपला वाटा त्या ४ टक्क्यांच्या बराच खाली राहिला आहे. २००५ मध्ये पुण्यात मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेल्या डिक्कीसारख्या संस्था या हक्काबद्दल बोलतात. पण नोंदणी, जीईएम पोर्टलवरचे खाते आणि वेळेवर माल देण्याची क्षमता ही तयारी आपल्याकडूनच व्हायला हवी.

दोन्ही बाजूंनी प्रामाणिक राहावे लागते. जातीमुळे अडवले गेले असेल तर तसे ठणकावून सांगावे, लढावे. पण हिशेब न ठेवल्यामुळे बुडालो असू आणि ते जातीच्या खाती टाकले, तर पुढच्या वेळी त्याच खड्ड्यात पडू.

अनुदान म्हणजे नफा नव्हे

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुसूचित जातीच्या अर्जदाराला ग्रामीण भागात ३५ टक्के आणि शहरी भागात २५ टक्के अनुदान ठरलेले आहे; स्वतःचे ५ टक्के घालावे लागतात. अकोट नगर परिषदेचे गाव असल्याने शहरी दर लागतो, शेजारच्या ग्रामपंचायतीत ग्रामीण. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती मिळाल्या, म्हणून दाखल्याचे कागद वेळेत नीट करून ठेवा. नियम अधूनमधून बदलतात, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन ताजे विचारून घ्या.

पण एक गोष्ट बऱ्याच जणांना उशिरा कळते. हे अनुदान हातात मिळत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि उद्योग चालू आहे याची पडताळणी झाल्यावर कर्जात वळते होते. म्हणजे तीन वर्षे टिकणाऱ्यालाच त्याचा लाभ. अनुदानासाठी उद्योग निवडला तर अनुदानही जाते. आधी गिऱ्हाईक बघा, मग यंत्र, मग कर्ज, आणि अनुदान सगळ्यात शेवटी.

आपल्या परंपरेतला दुकानदार

संसार सोडा एवढेच बुद्धांनी सांगितले, असे अजूनही काही जणांना वाटते. अंगुत्तर निकायातल्या पापणिक सुत्तात चक्क दुकानदाराचे उदाहरण आहे. त्याच्याकडे तीन गुण असावेत: डोळा, म्हणजे माल कितीला घेतला, कितीला विकला आणि किती सुटले हे ओळखणे, खरेदी-विक्रीतले कौशल्य, आणि पत, म्हणजे हा माणूस पैसे परत करील असा पैसेवाल्यांचा विश्वास. खर्चाचा हिशेब, मार्केटिंग आणि बँकेतली पत, तिन्ही त्यात आले. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे: एक स्वतःच्या उपभोगासाठी, दोन कामधंद्यात, चौथा संकटासाठी राखून. शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने टाळावा, हेही सांगितले आहे. म्हणजे धंदा परका नाही, कोणता आणि कसा करायचा हे सांगून ठेवलेले आहे.

तेव्हा पुढच्या जयंतीच्या मीटिंगमध्ये एक ठराव मांडून बघा. मिरवणुकीचा खर्च थोडा आवरून आपल्या वस्तीतल्या एका सीएला किंवा बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांना महिन्यातून एक रविवार विहारात बसवा. ज्यांचा छोटा धंदा आहे त्यांनी वही घेऊन यावे, हिशेब तपासून घ्यावा, अडलेला अर्ज दाखवावा. भाषणे तर होतच राहतील. धंदा आपल्या लोकांचे काम नाही असे म्हणणाऱ्या मुलालाही त्या रविवारी सोबत घेऊन जा, आणि वहीतली बेरीज त्यालाच करायला द्या.